मोडीचा वर्ग काढताय? आधी एवढंच करा

बडोद्याच्या दांडिया बाजारात मोठ्यांसाठी मोडी लिपीचा वर्ग काढायचा म्हणताय, ऐकून फार बरं वाटलं. जरूर काढा. १९०६ साली सयाजीरावांनी अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या बडोद्यात शिकवायला जागा मागताना संकोच कसला!

सुरुवातीला तीनच गोष्टी बघा.

१. आधी माणसं, मग जागा. पाच जण नक्की येणार असतील तर कुणाच्याही दिवाणखान्यात वर्ग भरतो. बॅनर, प्रमाणपत्रं नंतर.

२. मुदत सांगा. ‘दर रविवारी साडेचार ते सहा, ८ आठवडे.’ नोकरी-संसारातला माणूस बिनमुदतीच्या गोष्टीला हो म्हणत नाही. नवरात्राच्या तोंडावर तर सुरूच करू नका, गरब्यापुढे कुणाला सवड नसते.

३. पहिल्याच दिवशी हाताला काम द्या. माझी मोठी चूक इथेच झाली. पहिल्या वर्गात तासभर मोडीचा इतिहास सांगत बसलो. पुढच्या रविवारी बारातले चारच आले. आता आल्या आल्या वही उघडायला लावतो. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं. एक आजी स्वतःचं नाव लिहून कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत होत्या. त्यांनी नंतर एकही रविवार चुकवला नाही.

फी अगदी फुकट नको. झेरॉक्सपुरते ५० रुपये घ्या, माणूस टिकतो.

जोडाक्षरं, जुने दस्त हे सगळं पुढचं पुढे. रविवार ठरला की कळवा, बोरू आणि दौत घेऊन येतो.