क्लोजेची अर्धीच गोष्ट

फ्रँकफर्टहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा 16 वर्षांचा, रेआलशूलच्या, म्हणजे तिथल्या दहावीपर्यंतच्या माध्यमिक शाळेच्या, दहावीत. फुटबॉलमध्ये फॉरवर्ड खेळतो. गेल्या उन्हाळ्यात व्यावसायिक क्लबच्या अकादमीनं त्याला सोडलं, आता गावच्या क्लबात आहे. वडिलांना त्याला शाळेतून काढून वर्षभर स्पेनमधल्या खासगी अकादमीत पाठवायचंय. मुलानं मात्र छपरं बांधणाऱ्या सुताराकडे दोन आठवडे काम शिकून पाहिलं आणि आता तेच शिकायचं म्हणतो. वडील लिहितात, 'जर्मनीचा फॉरवर्ड मिरोस्लाव्ह क्लोजेसुद्धा सातव्या श्रेणीच्या स्पर्धेतूनच वर आला. त्याला जमलं, आम्हाला का नाही? दोघंही इंजिनिअर असलेल्या घरात सुतार?'

तुमचं पत्र दोनदा वाचलं. 'यंदा आम्ही अकरा गोल केले', 'आम्हाला क्लबनं काढलं', 'आमचा डावा पाय कच्चा आहे'. अहो, आम्ही म्हणजे कोण? मैदानात तो एकटा उतरतो. तुम्ही प्रत्येक सामन्याचं चित्रण करता आणि रात्री जेवताना त्याला चुका दाखवता, हेही तुम्हीच अभिमानानं लिहिलंय. अकादमीनं सोडल्यापासून तो घरात फारसा बोलत नाही, हे वाक्य मात्र ताजा कलमात. माझ्या दृष्टीनं पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती. क्लबनं त्याला एकदा नाकारलं. जेवणाच्या ताटावर ते रोज घडतंय.

आता क्लोजे. तुम्ही मुलाला त्याची गोष्ट सांगता ती खरी आहे, पण अर्धी. पोलंडमध्ये जन्मलेला हा मुलगा लहानपणी कुटुंबाबरोबर जर्मनीत कूझेलला आला. वडील फ्रान्सच्या ऑसेरकडून व्यावसायिक फुटबॉल खेळलेले, आई पोलंडच्या राष्ट्रीय हँडबॉल संघातली. एवढं सगळं असूनही विशीपर्यंत तो ब्लाउबाख-डीडेलकॉप्फ या गावच्या क्लबातच खेळत होता. आणि त्या काळात त्यानं सुतारकामाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं, तेही तुमचा मुलगा म्हणतोय तेच, छपरं बांधणाऱ्या सुताराचं! नेमकं हे तुम्ही गाळलंत. 1998 मध्ये होम्बुर्ग क्लब, 1999 मध्ये कायझर्सलाउटर्न क्लब, तिथेही सुरुवात दुसऱ्या संघातून. 2001 मध्ये जर्मनीची जर्सी. पुढे चार विश्वचषकांत 5, 5, 4 आणि 2 असे 16 गोल. 2014 मध्ये ब्राझीलविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्यानं ब्राझीलच्याच रोनाल्डोचा 15 गोलांचा विक्रम मागे टाकला. हे सगळं हातात हुन्नर आल्यानंतर घडलं. अर्थात, सुतारकाम केलं म्हणून कुणी क्लोजे होत नाही. गावच्या क्लबांतून खेळणारी बहुतेक मुलं तिथेच खेळत राहतात, आणि त्यातही काही वाईट नाही.

'सुतार' या शब्दानं तुम्ही दचकलात, कारण डोळ्यांसमोर तुमच्या लहानपणचं चित्र आहे. जर्मनीत आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत घ्यायचं व्यवसायशिक्षण, ही नापासांची सोय नव्हे. छपराच्या सुताराचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. काही काळ प्रत्यक्ष काम, काही काळ व्यवसायशाळा, शेवटी परीक्षा. शिकणाऱ्याला मालक दरमहा पैसे देतो. पुढे माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन प्रमाणित उस्ताद, झालं की स्वतःचा व्यवसाय काढता येतो, इतकंच नव्हे तर विद्यापीठाचं दारही उघडतं. देशाच्या पात्रता-चौकटीत माइस्टर आणि बॅचलर एकाच, सहाव्या, पायरीवर आहेत. मुलाला उद्या वास्तुशास्त्र किंवा तुमचं लाडकं इंजिनिअरिंग करावंसं वाटलं, तर रस्ता बंद झालेला नसेल.

आबिटूरचा, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शालान्त परीक्षेचा, मार्ग तुम्हाला माहीतच आहे. गुण बरे आहेत, हवं तर तोही घेता येईल. पण त्यालाच हवा असेल तर. स्पेनचं मात्र माझं स्पष्ट 'नाही'. दहावीचा दाखला हातात नसताना, मुलाची इच्छा नसताना, भरपूर फी घेणाऱ्या अकादमीत पाठवणं म्हणजे तुमची हौस त्याच्या वर्षातून भागवणं. ज्या मुलात क्लबांना खरोखर रस असतो, त्याच्या घरच्यांकडे ते फी मागत नाहीत.

येत्या शनिवारी सामन्याला जा, पण कॅमेरा घरी ठेवून. परत येताना गोलांबद्दल विचारू नका. त्या दोन आठवड्यांत छपरावर काय काय केलं ते विचारा. आणि त्याला तिथे जागा मिळत असेल तर उशीर करू नका. तो अल्पवयीन आहे, करारावर तुम्हा दोघांची सही लागेल.