धावण्याच्या हिवाळी सरावाला पहिल्यांदा येताना

बिनधास्त ये. पुण्यात डिसेंबरात पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून पहिली 10-15 मिनिटं चालणं आणि हलकं जॉगिंग अजिबात चुकवू नकोस. नवी मंडळी आखडलेल्या पोटऱ्यांनी थेट स्प्रिंट मारतात आणि आठवडाभर लंगडतात.

- बोलता येईल इतक्याच वेगाने पळ. वाक्य अर्ध्यात तुटलं की वेग कमी कर.
- ट्रॅकवर आतली लेन वेगवान मंडळींची, तू बाहेरून पळ.
- जाड जॅकेट नको, दोन पातळ थर घाल. घाम आला की वरचा कमरेला बांध. सराव संपल्यावर मात्र लगेच कोरडा टी-शर्ट.

इंटरव्हल (आलटून-पालटून जोरात आणि हळू पळणं), स्पाइक्स (तळाला खिळे असलेले बूट), घड्याळातले आकडे तूर्त सोड. आठवड्याला तीन दिवस न चुकता ये, एवढं पुरे. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनचा हट्ट यंदा नको. नडगी दुखली तर त्याच दिवशी कोचना सांग.