सूत्रे पाठ आहेत, तरी गणित चुकते

प्रश्न : एका सूत्रानुसार विद्युतशक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध, तर दुसऱ्यानुसार धारेचा वर्ग गुणिले रोध. रोध वाढला की पहिल्यात शक्ती घटते आणि दुसऱ्यात वाढते. मग परीक्षेत कोणते सूत्र वापरावे? तरंगांच्या गणितांतही माझा असाच गोंधळ होतो. — एक विद्यार्थिनी

उत्तर : दोन्ही सूत्रे बरोबर आहेत. रोध बदलताना दुसरी कोणती राशी कायम राहते, हे कोणतेच सूत्र स्वतःहून सांगत नाही. ते उदाहरणातील जोडणीवरून आपण ठरवायचे असते. समांतर जोडणीत प्रत्येक रोधाच्या दोन्ही टोकांमधील विभवांतर सारखे असते, म्हणून तेथे पहिले सूत्र सोयीचे पडते. एकसर जोडणीत सर्वांतून एकच धारा वाहते, म्हणून तेथे दुसरे.

परीक्षकांचे एक आवडते उदाहरण पाहा. २२० व्होल्टसाठी बनवलेले १०० वॅट आणि ४० वॅटचे दोन दिवे एकसर जोडणीत २२० व्होल्टला जोडले, तर कोणता अधिक प्रकाशेल? बहुतेक विद्यार्थी घाईने १०० वॅटचा दिवा लिहून मोकळे होतात. दिव्यावरील आकडा मात्र त्याला पूर्ण २२० व्होल्ट मिळाले तरच लागू होतो, आणि येथे ते दोघांत विभागले जातात. त्या आकड्यांवरून रोध काढले, तर ते अनुक्रमे ४८४ आणि १२१० ओहम येतात. एकूण रोध १६९४ ओहम असल्याने धारा सुमारे ०.१३ अँपिअर होते. तिचा वर्ग प्रत्येक रोधाने गुणला, की १०० वॅटच्या दिव्याला जेमतेम ८ वॅट आणि ४० वॅटच्या दिव्याला सुमारे २० वॅट मिळतात. म्हणजे लहान दिवाच अधिक प्रकाशतो. (तार कमी तापली, तर तिचा रोधही कमी भरतो, पण शालेय गणितात तो स्थिर धरतात आणि तुम्हीही तसाच धरावा.)

तरंगांच्या बाबतीत ध्वनी एका माध्यमातून दुसऱ्यात गेला, तरी वारंवारता बदलत नाही, कारण ती ध्वनिस्रोताच्या कंपनांवर ठरते. वेग आणि तरंगलांबी बदलतात. हवेत ३४० मीटर प्रति सेकंद वेगाने जाणाऱ्या ५०० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी ०.६८ मीटर असते. पाण्यातील वेग १४८० धरला, तर तीच २.९६ मीटर होते. येथे तरंगलांबी कायम धरून नवी वारंवारता काढणाऱ्याचा गुणाकार-भागाकार अचूक असला, तरी उत्तर चुकतेच.

प्रश्न : प्रतिध्वनीच्या गणितात माझे उत्तर नेहमी दुप्पट येते. असे का?

उत्तर : दिलेला वेळ जाण्या-येण्याचा असतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग १५०० मीटर प्रति सेकंद धरल्यास, ४ सेकंदांनी परतलेला ध्वनी एकूण ६००० मीटर गेलेला असतो आणि तळ ३००० मीटर खोल असतो. वेळ मिलिसेकंदांत दिला असेल, तर आधी त्याचे सेकंद करून घ्यावेत.