लेकरांना घेऊन मालवणला निघताय?

पहिल्यांदाच जाताय, तर मुंबईहून गाडीने जाण्यापेक्षा रेल्वेने मालवणजवळचं कुडाळ स्टेशन गाठा. घाटातल्या वळणांवर पोरं हमखास ओकतात आणि मग सगळ्यांचाच मूड जातो. मांडवी एक्सप्रेस दिवसाची आहे; बोगदे मोजण्यात मुलांचा वेळ मजेत जातो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, मे महिन्यासाठी त्याच दिवशी सकाळी आठला बसा.

तारकर्ली, देवबाग, मालवण, वेंगुर्ला असं सगळं एकाच फेरीत कोंबू नका. मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा. रोज बॅगा भरण्यात आईची सुट्टी संपते, हे कुणी बोलत नाही एवढंच!

सिंधुदुर्ग किल्ल्यावर सकाळच्या होडीने जा, दुपारी दगड तापतो. महाराजांच्या हाताचा-पायाचा ठसा आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी मुलांना दाखवाच. चारी बाजूंनी खारं पाणी असताना हे गोडं कुठून आलं, यावर ती तासभर डोकं खातील. खाऊ द्या. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

लहानग्यांसाठी सोलकढी आधी चाखून बघा, कुठे कुठे मिरची झणझणीत असते. घावणे मात्र बिनधास्त द्या. दुपारी झोप, आणि समुद्रात उतरायचं ते भरती-ओहोटी स्थानिकांना विचारूनच.