पडवीचे खांब: आधी टाकणखार, मग तेल

तुमचा प्रश्न असा आहे: सिंधुदुर्गातल्या जुन्या घराच्या पडवीचे खांब तळाशी काळे पडून मऊ झालेत. सुतार ऑइलपेंट मारा म्हणतो, शेजारी काजूच्या टरफलाचं तेल सुचवतात आणि कुणी टाकणखाराचं पाणी लावायला सांगितलंय. माझ्या मते तेल आणि टाकणखार दोन्ही करा, पण क्रम चुकवू नका. ऑइलपेंटचा नाद सोडा.

लाकूड कुजतं ते बुरशीमुळे, आणि बुरशीला ओल लागते. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. कोकणात पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की थेंबही न लागलेलं लाकूड या हद्दीपर्यंत जातं. त्यात झडीचा पाऊस आणि जमिनीवरून उडणारे शिंतोडे आले की हद्द ओलांडलीच. ऑइलपेंटचा पापुद्रा सांध्याशी तडकतो, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. रंग वरून शाबूत दिसतो आणि आत भुसा झालेला असतो.

टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, आणि बोरिक पावडर ही जोडी बुरशी, वाळवी आणि पोखरकिडा या तिघांनाही मारक आहे. साधारण 10 लिटर गरम पाण्यात 600 ग्रॅम बोरॅक्स आणि 400 ग्रॅम बोरिक पावडर घ्या. एकेकटी पावडर गार पाण्यात जेमतेम विरघळते, पण दोन्ही एकत्र असल्या की बरीच जास्त विरघळते. या दोन्हींतल्या बोरॉनचा मोठा गुण म्हणजे ते ओल्या लाकडात आपोआप आत आत सरकतं. दोष नेमका त्यातच आहे: पाऊस लागत राहिला की तसंच बाहेरही धुऊन जातं. तेलाचं उलटं आहे. ते पाणी अडवतं, पण फार खोल जात नाही आणि ओल्या लाकडावर धरत नाही. एकाला लाकूड ओलं हवं, दुसऱ्याला कोरडं, म्हणून दोन्ही एकाच आठवड्यात उरकता येत नाहीत. आधी तेल लावलंत तर टाकणखाराला आत जायचा रस्ताच बंद होतो.

पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात कामाला लागा. जुना रंग खरवडून काढा आणि पेचकसाने टोचून बघा. जिथे तो सहज आत जातो ते लाकूड गेलेलं आहे. कुठल्याही औषधाने त्यात ताकद परत येत नाही. तेवढा भाग कापून पक्क्या लाकडाचा जोड द्या. उरलेल्या खांबाला गरम द्रावणाचे तीन-चार हात ओल्यावर ओले द्या. तळाच्या आणि जोडाच्या कापलेल्या टोकांवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या, कारण पाणी रेषांच्या दिशेने फार वेगाने चढतं. तळाजवळ खाली उतरती भोकं पाडून त्यांतही द्रावण भरा आणि लाकडी खुंटीने बुजवा. मग प्लॅस्टिक गुंडाळून तीन-चार आठवडे ठेवा. घाई करून ते लवकर काढू नका, खरं काम त्याच काळात होतं.

नंतर उघडं करून थंडीभर वाळू द्या. वर पांढरी पूड आली तर ओल्या फडक्याने पुसा. मार्चमध्ये काजूच्या टरफलाचं तेल लावा: पहिला हात टर्पेंटाइनने पातळ करून, पुढचे दोन दाट. होड्यांना पूर्वापार हेच लावतात, ते उगीच नाही. रंग गडद तपकिरी येतो, तो आवडून घ्यावा लागेल. हे तेल बिब्ब्यासारखंच अंगावर उततं, म्हणून हातमोजे हवेतच. जवसाचं तेल वापरणार असाल तर भिजलेली फडकी चुरगळून ठेवू नका, ती आपोआप पेटतात. टाकणखाराचं उरलेलं पाणी झाडांच्या मुळाशी ओतू नका, आणि मुलं-जनावरं त्यापासून लांब ठेवा.

कुणी मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, सुचवेल. नुसता मोरचूद पाण्याने धुऊन जातो आणि खिळे खातो. 1933 साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक एकत्र आणलं. तांबं बुरशीसाठी, आर्सेनिक किड्यांसाठी आणि तांब्याला न जुमानणाऱ्या बुरशीसाठी, तर क्रोमियम या दोघांना लाकडात पक्कं बसवण्यासाठी. जगभर ही पद्धत गेली, याचा मला फार अभिमान वाटतो. पण आर्सेनिकमुळे अमेरिकेत 2003 अखेरीपासून घरगुती लाकडासाठी ती थांबली. आर्सेनिकऐवजी बोरॉन घातलेला प्रकारही आहे, पण क्रोमियमचं ते मीठ फार विषारी. हे कारखान्यात दाबाखाली भरायचं काम आहे, अंगणात बादलीत करायचं नव्हे. कुंपणासारखे जमिनीत गाडायचेच खांब असतील तर ते मात्र तिथूनच करून आणा.

आणि एवढं सगळं करून खांब पुन्हा मातीत किंवा सिमेंटच्या खड्ड्यात उभा करू नका. जुन्या घरांसारखा दगडी तळखडा द्या, वीतभर उंच, माथ्याला किंचित उतार दिलेला, म्हणजे पाणी थांबत नाही आणि वाळवीची मातीची नळी चढताना दिसते. दरवर्षी मेमध्ये खांबावर पाणी शिंपडून बघा. थेंब घरंगळले तर राहू द्या, शोषले गेले तर तेलाचा एक हात द्या. तुमचे खांब कुठल्या झाडाचे आहेत ते कळवा. सागाच्या किंवा फणसाच्या गाभ्याचे असतील तर बहुतेक वरचा फिकट भागच गेला असेल आणि कापायला थोडंच लागेल.