एफडी मोडू नका, आणि मुलाचा इको थांबवू नका

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिस्टरांना चाळिशीत मार्फान सिंड्रोमचं, म्हणजे शरीराच्या जोडणाऱ्या ऊतींच्या आनुवंशिक आजाराचं निदान झालंय, महाधमनीचं (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं) मूळ फुगून ४.४ सेंटीमीटर. सासरे ४४व्या वर्षी अचानक गेले होते. १२ लाखांची एफडी मोडून १९ लाखांच्या गृहकर्जात भरावी का, हा तुमचा प्रश्न. शिवाय एजंट म्हणतो, नवी हेल्थ पॉलिसी हातात येईपर्यंत नऊ वर्षांच्या मुलाची तपासणी करू नका.

आधी मुलाचं बोलू. तुम्ही लिहिलंय, त्याने अंगठा आत घेऊन मूठ वळली की टोक पलीकडून बाहेर डोकावतं, अगदी बाबांसारखं. हा आजार ओळखायला डॉक्टरही हेच करून बघतात. एफबीएन१ जनुकातला हा दोष मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. महाधमनीची भिंत वर्षानुवर्षं ताणत जाते, आणि बहुतेकदा दुखतही नाही. वेळेत कळलं तर रोजच्या गोळीने हा वेग कमी करता येतो, दरवर्षी इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, माप बघता येतं, आणि मोठेपणी ते ५ सेंटीमीटरच्या आसपास गेलं तर ऑपरेशन ठरवून करता येतं. धमनी फाटल्यावर मध्यरात्री गाडी शोधण्याची वेळ तुमच्या घरावर येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. याच आठवड्यात इको करा, डोळ्याचं भिंगही दाखवून घ्या.

एजंटाची युक्ती पैशाच्या हिशेबातही टिकत नाही. डॉक्टरांनी तपासणी सुचवलेली असताना अर्जात ‘काही नाही’ लिहिलं, तर क्लेमच्या वेळी बाबांची फाईल निघणारच. पॉलिसी सलग ६० महिने चालली की कंपनीला सहसा पॉलिसीवर शंका काढता येत नाही, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून सुटत नाही. खरं लिहिलंत तर कंपनी जास्त हप्ता मागेल, कदाचित नाकारेलही. मग दुसरीकडे अर्ज करायचा. आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा खर्च पॉलिसी देत नाही तो काळ, २०२४पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे.

एफडीचं उत्तर या ३६ महिन्यांतच आहे. तेवढा काळ तुमचा आधार म्हणजे मिस्टरांच्या कंपनीचा ५ लाखांचा ग्रुप विमा आणि ही एफडी. महाधमनीचं ऑपरेशन ५ लाखांत बसेल असं मी धरून चालणार नाही. कर्ज साडेआठ टक्क्यांचं, एफडी सातची. एफडीच्या व्याजावर २० टक्के कर धरला तर पैसे न भरल्याने वर्षाला ३५ हजारांच्या आसपास जास्त जातात. हे मला जड वाटत नाही. कर्जात भरलेले १२ लाख हॉस्पिटलच्या काउंटरवर परत मिळत नाहीत. २१ हजारांचा हप्ता पगारातून जातोय, जाऊ द्या. फक्त एफडीचे तीन-चार तुकडे करा, म्हणजे गरजेपुरतीच मोडता येईल.

मिस्टरांची २०१९ची ५० लाखांची टर्म पॉलिसी निदानाआधीची आहे. तिचा एकही हप्ता चुकवू नका, आज तशी नवी मिळणं फार कठीण आहे. नोकरी बदलायची वेळ आली तर राजीनामा देण्याआधी एचआरला लेखी विचारा, की ग्रुप विमा त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत कसा नेता येईल. आणि मुलाचा रिपोर्ट आला, की त्याची झेरॉक्स नव्या अर्जाला जोडा.