अडीच वर्षांच्या मुलाची छाती सर्दी झाली की शिट्टीसारखी वाजते. हा दमाच का? निदान कसं करतात?

लगेच दमा म्हणून मोकळे होऊ नका. माझ्या मुलाचं दीड वर्षाचा असल्यापासून असंच चालायचं. सर्दीची दुसरी-तिसरी रात्र आली की छाती वाजायला लागायची. मी डॉक्टर नाही, पण दवाखान्याच्या खेपा घालून जे कळलं ते सांगते.

या वयात श्वासनलिकेच्या बारीक फांद्या मुळातच अरुंद असतात. विषाणूमुळे आतून सूज आली, त्यात कफ साचला, की हवा बाहेर पडताना शिट्टी वाजते. पुष्कळ मुलांचं हे पाच-सहा वर्षांपर्यंत आपोआप थांबतं. सर्दी नसतानाही, म्हणजे धावल्यावर, खळखळून हसल्यावर, धुराने किंवा पहाटे छाती वाजत असेल, एक्झिमा (कातडीवर खाजणारे, कोरडे चट्टे) असेल किंवा आईवडिलांना दमा असेल, तर मात्र दम्याचा संशय बळावतो.

आमच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, “आवाज श्वास घेताना येतो की सोडताना?” मला सांगता येईना. मग एका रात्री त्याचा शर्ट वर करून मोबाइलवर मिनिटभर व्हिडिओ घेतला. सकाळी तो पाहून त्या म्हणाल्या, “सोडताना येतोय. पण बरगड्यांखाली हा खळगा पडतोय ना, असं दिसलं की सकाळची वाट बघायची नाही.” चांगलीच बोलणी खाल्ली. श्वास घेताना येणारा आवाज बहुधा वरून, घशाकडून असतो आणि त्याची कारणं वेगळी. नुसतं नाक चोंदल्याची घरघरही आपण छातीच्या नावावर खपवतो.

फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, पाच-सहा वर्षांच्या आत बहुतेकांना जमत नाही. म्हणून स्पेसर (इन्हेलर आणि तोंडाच्या मधे धरायची पोकळ नळी) लावून इन्हेलर देतात आणि किती फरक पडतो ते बघतात. निदानाचाच तो भाग. दर वेळी एक्स-रे लागत नाही.

खाता-खेळता अचानक ठसका लागून छाती वाजायला लागली तर शेंगदाणा वगैरे अडकलेला असू शकतो. एक्स-रे चांगला आला तरी तेवढ्यावर सोडू नका, ठसक्याचं आवर्जून सांगा.

मूल शांत झोपलेलं असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. तुमच्या मुलाच्या वयाला ४० किंवा जास्त म्हणजे जलद. आणि धाप तशीच असताना, ओठ निळसर पडत असताना शिट्टी थांबली, तर आराम पडला असं समजू नका. आवाज यायलाही हवा आत-बाहेर व्हावी लागते. तडक हॉस्पिटल गाठा.